चायनाटाऊनची सून: अख्ख्या गल्लीत एकच नवं जोडपं

क्वीन्सवाली

मंडळी, न्यूयॉर्कच्या चायनाटाऊनबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं ते डंपलिंग, नकली पर्सेस आणि कॅनाल स्ट्रीटवरची घासाघीस, संपलं. मला लिहायचंय ते तिथे १९४६ ते ५० च्या आसपास नव्याने लग्न होऊन आलेल्या जोडप्यांबद्दल. ऑफिसातल्या एका मैत्रिणीची आजी १९४८ ला अशीच नवरी होऊन आलेली, तिच्या गोष्टी ऐकून ऐकून मग मी लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले आणि आता डोक्यात इतकं साठलंय की कुठेतरी ओतायलाच हवं.

तर आधी हे लक्षात घ्या की त्या काळातलं चायनाटाऊन म्हणजे पुरुषांची वस्ती. १८७५ च्या पेज अ‍ॅक्टने चिनी बायकांचं येणं जवळपास बंदच झालं, १८८२ ला चिनी मजुरांवर बंदी आली, आणि १९२४ च्या कायद्याने तर अमेरिकन नागरिक असलेल्या चिनी माणसालाही चीनमधून बायको आणणं अशक्य करून टाकलं. व्यापाऱ्यांना सूट होती, पण लाँड्रीवाला आणि वेटर व्यापारी कसा ठरणार. १८९० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या चिनी लोकांत एका बाईमागे जवळजवळ २७ पुरुष होते, १९४० लाही जवळपास तीनास एक, आणि न्यूयॉर्कमध्ये त्याहून वाईट. बहुतेक सगळे क्वांगतुंग प्रांतातल्या तैशान आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले. काही वर्षं इस्त्री करून पैसे साठवायचे, गावी जायचं, लग्न करायचं, बायकोला दिवस गेले की परत यायचं. मग पुढची दहा-वीस वर्षं पत्र आणि पैसे. काहींनी बायकोला आयुष्यात दोन-तीनदाच पाहिलं.

१९४३ ला बंदी उठली पण कोटा किती, तर वर्षाला १०५ माणसं! खरा फरक पडला तो महायुद्धानंतर, सैन्यात गेलेल्या चिनी पोरांना बायका आणायची मुभा मिळाली तेव्हा. मुदत थोड्याच वर्षांची होती, त्यामुळे पोरं धडाधड हाँगकाँग गाठायची, मध्यस्थ मुली दाखवायचा, एकदा चहा, एकदा जेवण आणि लगेच लग्न. मैत्रिणीच्या आजीचं असंच झालं. वय १९. उतरली ती थेट बेयर्ड स्ट्रीटजवळच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, जिथे अंघोळीचा टब स्वयंपाकघरात आणि संडास जिन्याजवळ चार बिऱ्हाडांत एक. नवरा रेस्टॉरंटमध्ये, मध्यरात्रीनंतर घरी यायचा, आठवड्याला एक सुट्टी. आणि दिवसभर खाली रस्त्यावर सासऱ्यांचे मित्र.

हे सासऱ्यांचे मित्र म्हणजेच या गोष्टीचा गाभा आहे. न्हाव्याच्या दुकानात, एकाच आडनावाच्या लोकांच्या मंडळाच्या हॉलमध्ये, महजाँगच्या टेबलावर बसलेली ही पन्नाशी-साठीची माणसं, प्रत्येकाची बायको समुद्रापलीकडे, नातवंडं कुणी पाहिलेली नाहीत. त्यांच्यात एकाची सून आली. ती एकाची राहील कशी? आजी म्हणायच्या की भाजी आणायला खाली उतरलं की कोपऱ्यापर्यंत पाच जण पोटाकडे बघून घ्यायचे आणि सहावा सरळ विचारायचा. तीन महिने झाले, सहा झाले, काही नाही, की सासरे मंडळात जायचे बंद, कारण तिथे गेलं की हाच विषय. गंमत बघा, ज्या सासऱ्यांनी स्वतःच्या बायकोचं तोंड वीस वर्षं पाहिलं नव्हतं ते मुलाला संसार कसा करावा यावर व्याख्यान द्यायचे. गंमत कसली म्हणा.

त्यात लग्नाची मेजवानी. लग्न तिकडे झालेलं असलं तरी इथे परत जेवणावळ घालावीच लागायची, कारण सासऱ्यांनी इतकी वर्षं इतरांच्या कार्यात लाल पाकिटं दिलेली, तो सगळा आहेर परत यायची ही एकच वेळ. म्हणजे जोडप्याच्या संसाराची सुरुवातच शंभर लोकांच्या उपकारावर.

माझं मत असं झालंय की आपण "चिनी परंपरा, एकत्र कुटुंब, वंशाचा दिवा" म्हणून जे मोकळे होतो ते अर्धंच खरं. हा दाब तयार केला अमेरिकेच्या कायद्याने. साठ-सत्तर वर्षं बायका येऊ दिल्या नाहीत, मग जी पहिली मूठभर जोडपी आली त्यांच्यावर अख्ख्या वस्तीची राहून गेलेली हौस पडली. तुम्हाला काय वाटतं?

भोचक_भवानी

छान लिहिलंयस. पण खरं सांगू का, पोटाकडे बघणारे पाच जण आमच्या सदाशिव पेठेतही होते, आणि तिथे बायकांना कुणी बंदी घातली नव्हती :)

अनुस्वार

लेख आवडला, थोडी भर घालतो. कायदे तीन वेगवेगळे आहेत, लोक ते एकातच कालवतात. वॉर ब्राइड्स अ‍ॅक्ट डिसेंबर १९४५ चा, सैनिकांच्या परदेशी बायकांसाठीचा, त्यात जुलै १९४७ ला दुरुस्ती होऊन वंशाची अट गेली. आणि ऑगस्ट १९४६ मध्ये वेगळा कायदा झाला ज्याने अमेरिकन नागरिकांच्या चिनी बायकांना त्या १०५ च्या कोट्यातून बाहेर काढलं. या तिन्हीमुळे दारं किलकिली झाली.

आणि आपल्याशी असलेला संबंध विसरू नका. आपल्यालाही असेच कायदे लागू होते. १९२३ ला भगतसिंग थिंड खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. जुलै १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारताला कोटा दिला तो वर्षाला १००. चिन्यांपेक्षा पाच कमी! कॅलिफोर्नियातल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मग मेक्सिकन मुलींशी लग्नं केली, त्यांची नातवंडं आजही युबा सिटीकडे आहेत.

तिरसट तात्या

सगळा दोष कायद्याला देऊन आपल्या (आणि त्यांच्या) म्हाताऱ्यांना सोडून द्यायची ही नवी फॅशन आहे. ताई, तुमच्याच युक्तिवादात भोक आहे ते बघा. तैशानमध्ये उलट परिस्थिती होती ना? तिथे बायकाच बायका, पुरुष परदेशात. मग तिथल्या सुनेवर दबाव नव्हता? नवरा यायला जमत नाही म्हणून नवरीला कोंबड्याशेजारी उभं करून लग्नं लावली आहेत तिथे, वाचलं नसेल तर वाचा. कोंबडा! सासूला हाताखाली बाई हवी म्हणून. नवरा दहा वर्षं आला नाही तर मुलगा दत्तक घेऊन तिच्या ओटीत टाकायचे, वंश चालला पाहिजे. हे अमेरिकन काँग्रेसने नाही सांगितलं.

क्वीन्सवाली

तात्या, कोंबड्याचं वाचलंय :) आणि सासू नावाची संस्था अमेरिकेने काढली असं मी कुठे म्हटलंय. पण एक फरक बघा. तैशानच्या सुनेला सासू होती तशी माहेरची वाटही होती, शेजारची दुसरी सून होती, विहिरीवर चार बायकांत रडता येत होतं. मॉट स्ट्रीटवर आलेल्या मुलीला बोलायला बाईच नव्हती. आजींच्या बिल्डिंगमध्ये दुसरी तैशानी बोलणारी तरुण बाई आली ती बऱ्याच काळाने. तोपर्यंत पाळी चुकली तर कुणाला विचारायचं हाही प्रश्नच, डॉक्टर इंग्रजी बोलणार, नवरा लाजणार आणि सासऱ्यांना तर सांगायचं नाही.

दुसरं एक लिहायचं राहिलं. कागदाचं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतली जन्माची दप्तरं जळाली, मग हजारो जणांनी आपण इथेच जन्मलो असं सांगून नागरिकत्व घेतलं आणि दर चीन-वारीनंतर "मुलगा झाला" अशी नोंद करून ती जागा विकायची. विकत घेणारा म्हणजे पेपर सन, कागदी मुलगा. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या तपासणी केंद्रावर १९१० ते १९४० ही तीस वर्षं या लोकांना प्रश्न विचारायचे, गावात विहीर कुठल्या बाजूला, घराला पायऱ्या किती, शेजारी कोण. पाठ करून यायचे सगळे.

आता विचार करा, नवी नवरी येते तेव्हा तिचं सासरचं आडनावच खोटं आहे. खरं आडनाव घरात आणि मंडळात, खोटं आडनाव सरकारात. तिलाही ते सगळं पाठ करावं लागतं. आणि म्हणून नवरा-बायकोचं भांडण हे कधीच दोघांचं राहत नाही. ती चिडून पोलिसात गेली किंवा कोर्टात गेली आणि तिथे कुणी कागद तपासले तर एकटा नवरा नाही, त्याचा कागदी बाप, कागदी भाऊ, सगळी साखळी उघडी पडणार. त्यामुळे शेजारी कान लावून असायचे ते निव्वळ भोचकपणाने नाही (भवानी, तुला नाही गं). त्यांची स्वतःची चूल त्या भांडणावर अवलंबून असायची.

म्हणून भांडण न्यायचं कुठे, तर आधी आडनावाच्या मंडळात, मग तालुक्याच्या मंडळात आणि तरी नाही मिटलं तर ६२ मॉट स्ट्रीट, सगळ्या मंडळांची शिखर संस्था, १८८३ पासूनची. तिच्या अध्यक्षाला लोक चायनाटाऊनचा महापौर म्हणायचे. लाँड्री विकायचा करार असो की सुनेचं रुसणं, सुनावणी तिथेच. आणि सुनावणीला बसलेले सगळे पुरुष.

गिरणगावचा बाळ्या

ताई तुम्ही हे लिहिलंत आणि मला आमच्या आजोबांचं लालबाग दिसायला लागलं. संगमेश्वरकडचे आम्ही. गावच्या मंडळाने घेतलेला गाळा, त्यात तीस-चाळीस चाकरमानी, एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर झोपायची. जेवण खानावळीत, बायका गावी, मनीऑर्डर आणि शिमगा-गणपतीला जाणं. त्यातल्या एखाद्याने खोली घेऊन बायको आणली की ती सगळ्या गाळ्याची वहिनी. सणाला तिच्या हातचं खायला दहा जण हक्काने यायचे आणि तिच्याबद्दल गावी पत्रही तेच लिहायचे, वहिनी खिडकीत फार उभी राहते म्हणून. आजी सांगायची की मुंबईत सासू नव्हती पण सासूचे चाळीस डोळे होते.

फरक एवढाच की आमच्या लोकांना अडवायला कायदा नव्हता, पगार आणि जागा नव्हती. मग तात्यांचं म्हणणं थोडं खोडून निघतं असं वाटतं, की बायका नसलेल्या पुरुषांच्या वस्तीत पहिल्या जोडप्याचं हेच होतं, मग ते लोक चिनी असोत की मालवणी.

तिरसट तात्या

बाळ्या, तुझा मुद्दा चांगला आहे पण तो ताईंच्या बाजूने नाही. तू म्हणतोस कायदा नसतानाही तेच झालं. म्हणजे कायदा नव्हे तर गरिबी.

अनुस्वार

गरिबी आणि कायदा वेगळे कसे काढणार तात्या? लाँड्रीचंच घ्या. १९३३ ला न्यूयॉर्क शहराने ठराव आणला की लाँड्री चालवायला नागरिकत्व हवं, वर २५ डॉलर फी आणि १००० डॉलरचा बाँड. एकट्या माणसाच्या हातलाँड्रीला! नागरिकत्व तर कायद्यानेच मिळत नव्हतं. लाँड्रीवाल्यांनी मग स्वतःची संघटना काढली, चायनीज हँड लाँड्री अलायन्स, कारण ६२ मॉट स्ट्रीटचे शेठ लोक वर्गणी मागत होते पण धड लढत नव्हते. संघटनेने फी १० आणि बाँड १०० वर आणला. म्हणजे मंडळांच्या म्हाताऱ्यांविरुद्ध पहिलं बंड सुनांनी नाही, इस्त्रीवाल्यांनी केलं.

दोन_घरची_पाहुणी

आयडी घेऊन बरेच दिवस झालेत, नुसतीच वाचत असते, पण या धाग्यावर लिहिलंच पाहिजे कारण मी स्वतः चायनाटाऊनची सून आहे. माहेर सांगली, सासर हाँगकाँगमार्गे न्यूयॉर्क. नवऱ्याचे आजी-आजोबा देशांचे ते कोटे उठवणाऱ्या १९६५ च्या कायद्यानंतर आले.

लग्नात आधी आमचं सगळं झालं, मग त्यांचा चहा. सासू-सासरे, मग आजी, मग मोठे काका-काकू अशा क्रमाने गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी कप द्यायचा आणि ते एक घोट घेऊन लाल पाकीट किंवा सोन्याची बांगडी देतात. चहात वाळवलेली लाल बोरं आणि कमळाचं बी, कारण काय विचारायची गरज नाही, मुलं लवकर व्हावीत. आदल्या दिवशी नवऱ्याच्या चुलत बहिणीचं पोर आमच्या नव्या गादीवर उड्या मारायला आणलेलं, तेही त्याचसाठी. आई बघत होती, म्हणाली अगं आपल्याकडे ओटी भरतात तेच की. रात्री जेवणाला दहा-दहा जणांची टेबलं, दाराशी काकू वही घेऊन, कोण किती पाकीट देतंय ते लिहून घेतायत. आईचा जीव तिथे रमला, कारण आमच्याकडेही मामाची वही असते.

क्वीन्सवाली म्हणतेय तसं पोटाकडे बघणं अजून आहे पण आता ते तिसऱ्या नंबरवर. पहिला प्रश्न घर कधी घेताय, दुसरा कुठल्या शाळेच्या हद्दीत. शिवाय माझं चिनी नसणं हा एक वर्षभर पुरलेला विषय, तो संपला बाळ झाल्यावर. बाळंतपणात मात्र महायुद्ध. सासूबाईंचा एक महिना: बाहेर जायचं नाही, गार पाण्यात हात नाही, केस धुवायचे नाहीत, आणि डुकराचे पाय, आलं आणि गोड व्हिनेगरचा रस्सा, मोठं मातीचं भांडं भरून. आईचा सव्वा महिना: शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, आळीव. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं पण पंखा बंद करायचा यावर पूर्ण एकमत. मी ऑगस्टमध्ये बाळंत झाले होते.

महिना झाल्यावर लाल रंगवलेली अंडी आणि आलं वाटलं. आजेसासूबाई ९० च्या पुढे, त्यांनी अंडी स्वतः रंगवली.

भोचक_भवानी

पंख्याचं वाचून हसून हसून मेले. डुकराचे पाय खाल्लेस की नाही ते सांग आधी!!

दोन_घरची_पाहुणी

खाल्ले. आईपासून लपवून. चव आपल्या आंबट-गोड चिंचेच्या सारासारखी लागते, खोटं नाही सांगत.

निशाचर_नर्स

मी ब्रुकलिनला एका हॉस्पिटलात रात्रपाळीला असते, प्रसूती विभागात. वर जे चाललंय ते कँटनीज आणि तैशानी लोकांचं. आमच्याकडे येतात ते बहुतेक चीनच्या फूज्यान प्रांतातल्या फूचौचे, सनसेट पार्कमधले, एट्थ अ‍ॅव्हेन्यूच्या आजूबाजूचे. यांची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त कठीण.

१९९३ च्या जूनमध्ये चोरून माणसं आणणारं गोल्डन व्हेंचर नावाचं जहाज क्वीन्समधल्या रॉकअवेच्या किनाऱ्यावर वाळूत रुतलं, २८६ माणसं होती त्यावर, दहा जण पाण्यात उतरून मेले. तेव्हा जगाला कळलं की फूचौहून यायला माणशी तीसएक हजार डॉलर मोजावे लागायचे. ते पैसे नातेवाईकांकडून व्याजाने. म्हणजे इथे लग्न होतं तेव्हा नवरा-नवरी दोघांच्या डोक्यावर कर्ज, आणि कर्ज देणारे म्हणजे मावशी, आत्या, गावचे. लग्नात थाट कमी केला तर गावी अर्थ निघतो की पोरगा बुडाला, पैसे परत येणार नाहीत. म्हणून मोठा हॉल, सोनं, फोटो स्टुडिओत भाड्याचे गाऊन. मग नवरा चायनाटाऊनच्या बसने दुसऱ्या कुठल्या तरी राज्यात रेस्टॉरंटमध्ये कामाला जातो, तिथेच मालकाने दिलेल्या खोलीत राहतो, महिन्यातून एकदा येतो.

आणि बाळ झालं की काही महिन्यांतच ते फूचौला आजीकडे पाठवायचं, शाळेच्या वयाला परत आणायचं. बाळ जन्माने अमेरिकन, वाढतं फूचौत, आणि चार-पाच वर्षांनी विमानतळावर आईला ओळखत नाही. मी काही वर्षांपूर्वी एका मुलीला डिस्चार्जच्या वेळी दूध बंद व्हायच्या गोळीबद्दल विचारताना ऐकलं, वय असेल बावीस. मी म्हटलं घाई काय आहे, तर म्हणाली तिकीट काढलंय. आम्हाला शिकवतात की न्याय करायचा नाही, मी नाही केला, पण त्या रात्री डबा नाही खाल्ला.

तिथे आजीचा दबाव नातू द्या असा नाहीये, नातू पाठवा असा आहे. आणि पाठवला नाही तर कामावर कोण जाणार, म्हणून तो दबाव पोरींना उपकारही वाटतो.

तिरसट तात्या

हे वाचून मी गप्प बसतो थोडा वेळ.

क्वीन्सवाली

नर्सताई, याच्यावर वेगळा धागा काढाच.

पाहुणी, तुझ्या आजेसासूबाईंबद्दल अजून लिही ना. ६५ नंतर आल्या म्हणजे शिलाईच्या कारखान्यात होत्या का? मला उत्सुकता अशी की मंडळाच्या म्हाताऱ्यांचं वजन कमी झालं ते नेमकं कशाने. १९५६ नंतर सरकारने "खरं सांगा, माफ करतो" अशी योजना काढली, हजारोंनी खरी आडनावं सांगितली, तेव्हा ती कागदांची भीती जरा ओसरली. पण तेवढ्याने सुनांचा काय फायदा झाला ते मला नीट लागत नाही.

दोन_घरची_पाहुणी

हो, कॅनाल स्ट्रीटजवळच्याच एका कारखान्यात, झिपर लावायचं काम. पीसरेटवर, म्हणजे नगामागे पैसे. त्यांना विचारलं मी काल मुद्दाम, तुमचा धागा वाचून दाखवला नवऱ्याने भाषांतर करून.

त्या म्हणाल्या आडनाव-बिडनाव सोड, युनियनचं कार्ड. आजेसासऱ्यांच्या रेस्टॉरंटात पगार होता पण आजारपणाचा विमा नाही. विमा यायचा शिलाईवाल्या बायकांच्या युनियनमधून, तिची शाखा लोकल २३-२५. म्हणजे अख्ख्या घराचा डॉक्टर, मुलांची लस, सासूचं डोळ्याचं ऑपरेशन, सगळं सुनेच्या कार्डावर. घरात सासू एकदा बोलायला लागली की या म्हणायच्या, मी शिलाई सोडते मग. सासू गप्प.

आणि मग १९८२. मालक चिनीच होते, त्यांनी करारावर सही करायला नकार दिला आणि वर म्हणायला लागले की आपण सगळे चिनी, बाहेरच्या युनियनचं काय ऐकता. वीसेक हजार बायका कोलंबस पार्कात जमल्या. टोप्या घालून. आजेसासूबाईंची टोपी अजून आहे कपाटात. मालकांनी पटापट सह्या केल्या.

गिरणगावचा बाळ्या

१९८२??? त्याच वर्षी जानेवारीत आमचा संप सुरू झाला. अडीच लाख माणूस. आमच्या आजोबांचा तो शेवटचा पगार. त्यांच्या मालकांनी सह्या केल्या आणि आमच्यांनी गिरण्या विकल्या. असो, विषय भरकटेल.

अनुस्वार

भरकटू दे की. आणि तिथेही कारखाने टिकले नाहीतच फार, जागेचं भाडं वाढलं आणि काम परदेशात गेलं, २००१ च्या सप्टेंबरनंतर तर चायनाटाऊनचे रस्तेच कित्येक दिवस बंद होते, त्यात उरलेसुरले बरेच बसले.

भोचक_भवानी

पाहुणी, एक विचारू? इतक्या बायका पार्कात गेल्या त्या दिवशी घरी पोरांना कोणी बघितलं?

दोन_घरची_पाहुणी

हेच मीपण विचारलं. आजेसासऱ्यांनी शाळेतून आणलं म्हणे, आणि भात लावला. पाणी कमी पडलं. माझे सासरे तेव्हा कॉलेजात होते, ते सांगतात की बाबांनी मग सगळ्यांना खाली नेऊन नूडल्स खायला घातल्या आणि वर ताकीद दिली, आईला भाताचं कोणी बोलायचं नाही.